अंकलचे सहा, माझे सहा

चहा घ्या, पण एक अट आहे. माझं सांगून होईपर्यंत कोणी "मग तुझ्या लक्षात कसं नाही आलं?" असं विचारायचं नाही. हा प्रश्न बायकोने विचारून झालाय, ऑस्ट्रेलियातल्या एका अनोळखी माणसाने विचारून झालाय, आणि दाढी करताना आरशातला माणूस तर रोजच विचारतो.

गाढवपणा सगळेच करतात हो. पण आपल्या गाढवपणाचं बिल दुसऱ्याच्या तब्येतीवर फाडायला वेगळं टॅलेंट लागतं. ते माझ्याकडे आहे.

मी राहतो सिंगापुरात, सेंगकांगला. मूळचा पुण्याचा, काम सॉफ्टवेअर टेस्टिंगचं. म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायच्या आणि गोड भाषेत त्यांच्या पदरात घालायच्या. बारा वर्षं हे केलं की माणसाची एक पक्की समजूत होते. जगात चुका खूप आहेत, आणि त्या सगळ्या दुसऱ्यांच्या आहेत.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टर म्हणाले, पोट कमी करा, एखादा खेळ खेळा. बॅडमिंटनमध्ये पळावं लागतं. पोहताना पोट दिसतं. तिरंदाजीत मात्र एका जागी उभं राहायचं असतं. ठरलं!

हौगांगला एक छोटी रेंज आहे, तिथे जायला लागलो. तिथेच लिम अंकल भेटले. वय अडुसष्ट, जहाजदुरुस्तीच्या यार्डातून निवृत्त झालेले, बुटके, पण खांदे असे की आपण त्यांच्याशी बोलताना आपोआप अदबीने उभे राहतो. मला धनुष्य धरायला त्यांनी शिकवलं. कंपाउंड बो कोणती घ्यायची, ते त्यांनी सांगितलं. कंपाउंड बो म्हणजे ते दोन्ही टोकांना चाकं असलेलं धनुष्य. रामायणातलं नव्हे, सायकलच्या दुकानातून आल्यासारखं दिसणारं. अंकलचं धनुष्य माझ्या धनुष्यापेक्षा कितीतरी कडक. एकदा हौसेने ओढून बघितलं, तर ते जागचं हललं नाही, माझी पाठ मात्र हलली.

बाण घेताना मी थेट त्यांचीच नक्कल केली. त्यांच्यासारखेच काळे, मागे नारिंगी पिसं, शेपटाला हिरवी टोपी. दिसायला एकदम झकास!

तर एका रविवारी सकाळी अंकल आले ते तोंड पाडूनच.

"अवि, पुढच्या महिन्यात मुलीकडे जातोय. ऑस्ट्रेलियाला."

"वा! मग चांगलंच आहे की."

"चांगलं काय लाह! तिथे ब्रेट आहे."

लाह हे इथल्या बोलण्याचं शेपूट, कुठल्याही वाक्याला लागतं. आणि ब्रेट म्हणजे जावई. त्याची तिकडे शेती आहे. रानडुकरं पिकाची नासाडी करतात, म्हणून हा गडी धनुष्यबाणाने त्यांची शिकार करतो. मागच्या खेपेला जेवताना तो सहज बोलून गेला होता, "डॅड, तुमचं ते कागदावर मारणं ठीक आहे. पण बाणाला ब्रॉडहेड लावलं ना, की तुमचा बाण सरळ जायचा नाही."

"कागद म्हणाला!" अंकल म्हणाले. "माझ्या मुलीसमोर!"

वर्षभर तो माणूस हे मनात घेऊन फिरत होता.

आता ब्रॉडहेड म्हणजे काय, ते दोन मिनिटांत सांगतो. आमच्या नेहमीच्या बाणाचं टोक पेन्सिलीसारखं असतं, बिचारं. ब्रॉडहेड हे शिकारीचं टोक. त्याला वस्तऱ्यासारखी तीन पाती. बाणाला सरळ ठेवण्याचं काम मागच्या पिसांचं. पण पुढे पाती लावली की पुढेही पंख झाले! मग बाण धनुष्यातून केसभर जरी वाकडा सुटला, तरी पिसं म्हणतात इकडे आणि पाती म्हणतात तिकडे. साध्या टोकाची जी चूक पिसं पोटात घालतात, तीच ब्रॉडहेड चव्हाट्यावर आणतं. म्हणून आधी धनुष्य ट्यून करावं लागतं, बाण सुटतानाच सुतासारखा सुटेल असं.

आमच्या रेंजवर ब्रॉडहेडला सक्त मनाई. निशाणाच्या गाद्यांच्या चिंध्या होतात. मग करायचं काय? त्यावर एक तोड आहे. एका बाणाची पिसं काढून टाकायची. हा बोडका बाण जर पिसंवाल्या बाणांच्या शेजारीच लागला, तर धनुष्य ट्यून झालं. पुढे ब्रॉडहेडही बहुतेक तिथेच जाणार. बाजूला गेला, तर बाण ज्यावर टेकतो ती रेस्ट ॲलन कीने, म्हणजे छोट्या षटकोनी पान्याने, केसभर सरकवायची आणि पुन्हा मारून बघायचं.

हे सगळं मला कसं माहीत? व्हिडिओ बघून! मी स्वतः आयुष्यात एकही धनुष्य ट्यून केलेलं नव्हतं. पण अंकलचा चेहरा बघून छाती अशी काही फुगली म्हणता!

"अंकल, तुम्ही काळजी सोडा. हे माझ्यावर सोपवा. माझंही धनुष्य करतो, तुमचंही करतो."

"तुला येतं?"

"अंकल, चुका शोधण्याचाच तर पगार घेतो मी!"

त्या दिवशी अंकलचा गुडघा दुखत होता. आम्ही सुरुवातीला सहा-सहा बाण मारले. सगळे छान, निशाणाच्या मधल्या पिवळ्यात. अंकल लंगडत निशाणाकडे निघाले, तर आमचे संस्कार उफाळून आले. वडीलधारा माणूस लंगडत जाणार आणि आपण बघत राहणार?

"तुम्ही बसा हो अंकल. मी आणतो सगळे."

आता इथे जरा लक्ष ठेवा. मी ठेवलं नव्हतं.

उजव्या हातात अंकलचे सहा, डाव्या हातात माझे सहा, असा मी परत येत होतो. तेवढ्यात फोन वाजला. मृणाल, म्हणजे आमची सौ. दोन्ही जुड्या एकाच काखेत मारल्या आणि फोन कानाला लावला.

"अरे, येताना कोथिंबीर आण. आणि नीट बघून आण. मागच्या वेळेसारखी सेलरी आणू नकोस."

"सेलरी नव्हती ती."

"मग भाजीत काय घातलं मी?"

यावर पाच मिनिटं सविस्तर चर्चा झाली. चर्चेत मी हरलो. फोन ठेवला, काखेतल्या जुड्या मोजल्या, एक अंकलच्या भात्यात घातली, एक माझ्या. एकाचं शेपूट हिरवं, दुसऱ्याचंही हिरवंच. मोजणी बरोबर होती. बारा होते, बारा राहिले.

मग दोघांच्या भात्यातून एकेक बाण काढला, त्याची पिसं खरवडली, आणि ट्यूनिंगला सुरुवात केली.

अंकलने आधी पिसंवाले मारले, मग बोडका. पिसंवाले पिवळ्याच्या आसपास, बोडका वीतभर उजवीकडे! मी माझा मारला. वीतभर डावीकडे!

"हं," मी म्हणालो. डॉक्टर एक्स-रे बघून म्हणतात ना, तसं. "रेस्ट."

रेस्ट सरकवली. वीतभराचं चार बोटांवर आलं. आणखी सरकवली. पुन्हा वीतभर. पहिल्या रविवारी दोन तास मी ॲलन की फिरवत होतो. शेवटी अंकलची रेस्ट या टोकाला पोहोचली, माझी त्या टोकाला, आणि बाण आपापल्या मतावर ठाम.

दुसऱ्या रविवारी मी जाहीर केलं, "अंकल, धनुष्यात काही दोष नाही. दोष तुमच्या कोपरात आहे."

"कोपरात?" अंकलने कोपराकडे असं बघितलं, जसं काही घरातला नोकर चोर निघाला. "तीस वर्षं हेच कोपर आहे लाह."

"तीस वर्षं ब्रॉडहेड नव्हतं ना! ब्रॉडहेड काही लपू देत नाही."

काय वाक्य आहे! व्हिडिओतलंच होतं. अंकल कोपर खाली घेऊन मारायला लागले. बाण उजवीकडेच.

मग मला त्यांचा चष्मा दिसला. "नंबर कधी तपासला होता?" अंकलने त्याच आठवड्यात नवा चष्मा केला. त्यातून त्यांना बाण उजवीकडे गेलेला जास्त स्पष्ट दिसायला लागला.

चष्म्यापाठोपाठ त्याच रविवारी हात. मला वाटलं, त्यांचा हात किंचित थरथरतोय. "कोपी किती वेळा पिता?" कोपी म्हणजे इथली कंडेन्स्ड मिल्क घातलेली काळीकुट्ट कॉफी. तिच्यावर हा देश चालतो.

"दिवसाला चार. कधी पाच."

"बंद!"

"सगळी?"

"अंकल, ब्रेटला दाखवायचंय की नाही?"

त्यांनी बंद केली हो! अडुसष्ट वर्षांच्या माणसाने माझ्या शब्दावर कोपी सोडली. पुढच्या रविवारी आले तेव्हा डोळे सुजलेले, डोकं दुखतंय, कोणाशी बोलायची इच्छा नाही. बाण? उजवीकडे.

आता थांबायला हवं होतं की नाही? पण शहाणपणाचं एकदा भूत चढलं की ते लवकर उतरत नाही. मी विचारलं, "व्यायाम काय करता?"

"रोज सकाळी ताई-ची, आमचा तो संथ चिनी व्यायाम. आमच्या ब्लॉकखालच्या बागेत. वीस वर्षं झाली."

"सापडलं!" मी ओरडलो. शेजारच्या लेनवरच्या मुलीचा बाण चुकला. "त्यानेच खांदे सैल पडलेत. जाईपर्यंत बंद ठेवा."

"पहिल्या रांगेतली जागा आहे माझी," अंकल हळूच म्हणाले. "सोडली की दुसरं कोणीतरी घेणार."

"ब्रेट, अंकल. ब्रेट!"

सोडली त्यांनी जागा.

आणि माझ्या धनुष्याचं काय, असं विचारताय? माझा बोडका बाण अजूनही डावीकडेच जात होता. शिवाय सगळेच बाण जरा खाली लागायला लागले होते. पण त्यात माझा काय दोष? सिंगापूरची हवा दमट. ऑफिसचा एसी कडक. दोन्हींच्या मध्ये धनुष्याची दोरी आखडते. धनुष्यावरची नेम धरायची साइट जरा खाली घेतली की झालं! अंकलचा बाण चुकला की दोष अंकलचा, माझा चुकला की हवेचा. इतका साधा हिशोब होता.

घरी मृणालला हे सगळं रंगवून सांगितलं. तिने तिरंदाजीतलं काही कळत नसताना एवढंच विचारलं, "पण आधी दोघांचं नीट लागत होतं ना?"

"हो."

"मग एकाच दिवशी दोघांचं कसं बिघडलं?"

मी तिच्याकडे दयेने बघितलं. "मृणाल, तुला यातलं टेक्निकल कळायचं नाही."

"नाही कळत," ती म्हणाली आणि कोथिंबीर निवडायला लागली. खरी कोथिंबीर होती. तिने स्वतः आणलेली.

चौथ्या रविवारी अंकल निघायच्या आधीचा शेवटचा सराव. बोडका बाण अजून चार बोटं उजवीकडेच. मी त्यांच्या पाठीवर थाप मारली. "अंकल, आता जे राहिलंय ते मनात आहे. तिथे गेलात की आत्मविश्वासाने मारा." म्हणजे बघा, रेस्ट झाली, कोपर झालं, डोळे झाले, हात झाले, खांदे झाले. शेवटी मी त्या माणसाच्या मनालाही सोडलं नाही.

अंकल धनुष्य बॉक्समध्ये घालून गेले.

त्यानंतरच्या शनिवारी दुपारी जेवून सोफ्यावर पडलो होतो, तर व्हिडिओ कॉल. अंकलचा. मागे उजाड माळ, पत्र्याची शेड, आणि शेडच्या दाराइतका रुंद एक माणूस. ब्रेट असणार.

"काय अंकल! कसं झालं?"

अंकलने नुसता कॅमेरा फिरवला.

फोमचं एक रानडुक्कर उभं होतं. धडधाकट, ओरखडासुद्धा नाही. त्याच्या उजवीकडे दोन हातांवर ब्रेटची नवी कोरी पिकअप. सासऱ्यांवर विश्वास ठेवून सावलीत लावलेली. आणि तिच्या पुढच्या टायरमध्ये नारिंगी पिसांचा एक बाण. गाडी त्या बाजूला अशी कलली होती, जणू कोणीतरी कानात काही सांगतंय आणि ती ऐकतेय.

तुम्ही असतात तर काय केलं असतं? गप्प बसला असतात. मी म्हणालो, "अंकल, कोपर वर गेलं असणार."

मग ब्रेटने फोन घेतला. आवाज एकदम शांत. मोठी माणसं शांत बोलली की मला जास्त भीती वाटते.

"तूच का तो अवि? ज्याने डॅडना ट्यून केलं?"

"धनुष्य. हो. म्हणजे, थोडंफार."

"डॅड ओढतात ते धनुष्य तगडं आहे. त्याला ताठ बाण लागतो, बरोबर?"

"अर्थात!" मी म्हणालो. हे व्हिडिओत होतं. बाण सुटताना किंचित लवतो. धनुष्य जितकं तगडं, तितका बाण ताठ हवा. बाणावर बारीक अक्षरात ताठपणाचा आकडा छापलेला असतो, आणि आकडा लहान म्हणजे बाण जास्त ताठ. "अंकलचे चारशेचे आहेत. माझे पाचशेचे, माझं धनुष्य हलकं आहे ना."

ब्रेटने भात्यातला एक बाण काढला, उन्हात धरला, जरा फिरवला आणि कॅमेऱ्यासमोर आणला. पिसांच्या खाली पांढऱ्या, मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं: ५००.

"तुझे कुठे आहेत?" त्याने विचारलं.

मी उठलो. कपाटातून माझा भाता काढला. एक बाण काढला. चष्मा लावला. वाचलं. दुसरा काढला. तोही वाचला. सहाच्या सहा वाचले, एखादा तरी माझ्या बाजूने बोलेल म्हणून.

चारशे. चारशे. चारशे.

डोळ्यांसमोर तो रविवार उभा राहिला. काखेत बारा बाण आणि कानात कोथिंबीर.

"मित्रा," ब्रेट म्हणाला, "चार आठवडे! तुझ्या लक्षात कसं नाही आलं?"

स्वयंपाकघरातून मृणाल बाहेर आली होती. तिच्या चेहऱ्यावर "टेक्निकल" एवढा एकच शब्द लिहिलेला होता.

मी अंकलना म्हटलं, "अंकल, दोष तुमच्या कोपरात नव्हता. चष्म्यातही नव्हता. कशातच नव्हता. मी तुमचे बाण माझ्या भात्यात घातले आणि माझे तुमच्या. सगळं माझंच चुकलं."

मग अंकलने एकच प्रश्न विचारला, पण असा काही कळवळून.

"म्हणजे कोपी प्यायली तर चालेल?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं हो!

पुढचं मला नंतर कळलं. ब्रेटने शेडमधून आपले चारशेचे जुने बाण काढले. माझ्या "ट्यूनिंग"ने टोकाला गेलेली रेस्ट अंकलने मध्यावर आणली आणि स्वतःच्या हाताने दोन तासांत धनुष्य जुळवलं. बोडका बाण पिसंवाल्यांना जाऊन चिकटला. मग ब्रॉडहेड लावलं. तीन मारले, तिन्ही डुकराच्या छातीत, मुठीएवढ्या जागेत. ब्रेटने टोपी काढली म्हणे. "डॅड, माझेही नाही बसत असे." मुलगी तिथेच उभी होती. एवढं झाल्यावर दोघांनी मिळून टायर बदलला.

अंकल परत आल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. त्यांचे सहा बाण, एकेकावरचा आकडा तीन-तीनदा वाचून, दोन्ही हातांनी परत केले. आपल्याकडे मोठ्यांची माफी मागताना वाकतात, तसा वाकलोसुद्धा.

अंकल समोर कोपी घेऊन बसले होते. चेहऱ्यावर स्वर्गसुख. रागाचं नाव नाही. उलट म्हणाले, "ब्रेट आधी कधी माझ्याशेजारी दोन तास बसला नव्हता. ठीक आहे लाह." मग घोट घेतला. "पण ताई-चीमधली जागा गेली. मिसेस कोहने घेतली. आता मला शेवटच्या रांगेत उभं करतात, एकट्याला. तुला काही सुचतं का?"

"मी येतो तुमच्या सोबतीला," म्हणालो. माफीच्या भरात माणूस काहीही बोलतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी हौगांगच्या त्या बागेत उभा. पुढे वीस-बावीस आज्या आणि आजोबा, सगळ्यांच्या अंगात पांढरे सदरे. माझ्या अंगावर ऑफिसच्या पिकनिकचा पिवळा टी-शर्ट. शेवटच्या रांगेत अंकल आणि मी.

संगीत सुरू झालं. सगळे पाण्यासारखे हलायला लागले. सगळ्यांचे हात वर गेले, माझा एकच गेला. सगळे उजवीकडे वळले, मी डावीकडे. सगळ्यांनी डावा पाय उचलला. मी उजवा उचलला, मग चूक लक्षात आली म्हणून डावाही उचलायला गेलो, आणि अंकलच्या खांद्याला लटकलो. अर्धा तास हेच. तोंड लाल, एक डोळा घामाने मिटलेला, आणि ओठ आवळून एका बाजूला गेलेले.

संपल्यावर सगळ्यांत म्हाताऱ्या आजी माझ्याजवळ आल्या. नव्वदीच्या असतील. माझा हात दोन्ही हातांत घेतला, प्रेमाने थोपटला आणि चिनी भाषेत बराच वेळ काहीतरी बोलल्या. डोळ्यांत पाणी. मी भारावून गेलो. म्हटलं, कुठेतरी माझ्या धडपडीची कदर झाली!

"काय म्हणताहेत?" मी अंकलना विचारलं.

अंकलना हसू येत होतं, पण सभ्य माणूस, दाबलं.

"म्हणताहेत, धीर सोडू नकोस. त्यांच्या मिस्टरांनाही अर्धांगाचा झटका आला होता, पण झटक्यानंतर इतक्या लवकर तुझ्याएवढं त्यांना जमत नव्हतं."